तिकडं पासपोर्ट, इकडं मामाचं आडनाव

परदेशात कुणी गेलं की आपल्याकडं दोन गोष्टी हमखास विचारतात, एक म्हणजे पगार किती आणि दुसरी म्हणजे तिकडं रेसिझम आहे का. आता मराठवाड्यात अशी गल्ली राहिली नाही जिथलं कुणी ना कुणी बाहेर नाही, परभणी-नांदेड-बीडकडचे लोक आखातात, लातूर आणि संभाजीनगरची इंजिनिअर पोरं जर्मनी-ऑस्ट्रेलिया-कॅनडात, त्यामुळं हा विषय लग्नाच्या मांडवात पण निघतो आणि तेराव्याच्या पंगतीत पण निघतो. मग कुणी म्हणतं अमेरिकेत लई आहे, कुणी म्हणतं छे, अमेरिका बरी, खरा वर्णभेद ऑस्ट्रेलियात, आणि जपान म्हणजे शिस्तीचा देश, तिथं असलं काही नसणार यावर मात्र सगळ्यांचं एकमत असतं. असा देशांचा नंबर लावत बसतात.

मला हे नंबर लावणं पटत नाही. मी मिळेल ते वाचत आले, बाहेर राहून आलेल्यांना खोदून खोदून विचारत आले, आणि माझं मत असं झालंय की भेदभाव करायची रीत सगळीकडं साधारण सारखीच आहे, बदलते ती खूण. कुठं कातडी बघतात, कुठं पासपोर्ट, कुठं गावाचं नाव, कुठं आडनाव. आणि कुठल्याच देशात वरचे आणि खालचे असे दोनच थर नसतात, मधे बरेच जण असतात, आणि खरी गोम या मधल्यांत आहे. बाबासाहेबांनी जातीबद्दल बोलताना श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, म्हणजे प्रत्येकाच्या वर कुणीतरी आहे पण प्रत्येकाच्या खाली पण कुणीतरी ठेवलेलं आहे, आणि त्यामुळंच सगळे एक होऊन वरच्याला जाब विचारत नाहीत कारण प्रत्येकाला आपली खालची जागा सुटायची भीती. मी जितक्या देशांचं वाचते तितकं मला हे पटत जातं, आणि आपण भारतीय लोक बाहेर गेलो की नेमके त्या मधल्या जागेवर जाऊन उभे राहतो. म्हणून तुलना करायचीच असेल तर मी एक गोष्ट बघते, मधल्या माणसानं तिथं काय मागितलं.

अमेरिकेपासून सांगते. तिकडं नागरिक व्हायचं तर माणूस एक तर गोरा पाहिजे नाहीतर आफ्रिकी वंशाचा, असा कायदा होता, मधल्या कुणाला जागाच नव्हती. १९२२ साली ताकाओ ओझावा नावाचा जपानी माणूस सुप्रीम कोर्टात गेला, त्याचं म्हणणं माझी कातडी कित्येक गोऱ्यांपेक्षा गोरी आहे, मला नागरिकत्व द्या. कोर्ट म्हणालं कातडीचं काय घेऊन बसलात, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तुम्ही त्यात बसत नाही. बरं. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मधे, भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाचा निकाल लागला. हे थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात पगडी बांधून भरती झालेले, आणि त्यांची बाजू अशी की तुमच्याच मानववंशशास्त्राप्रमाणं उत्तर हिंदुस्थानातले उच्च जातीचे लोक आर्य म्हणजे कॉकेशियन ठरतात, मग मी बसतो ना. तर त्याच न्यायमूर्तींनी, सदरलँड त्यांचं नाव, आता सांगितलं की शास्त्र काय म्हणतं ते राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा, आणि तुम्हाला कुणी गोरं समजत नाही. थिंद हरले, आणि त्या निकालाचा आधार घेऊन ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्यातल्याही कित्येकांचं काढून घेतलं.

कोर्टानं केलं ते अन्यायाचंच होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण थिंद यांच्या बाजूनं मांडलेला एक मुद्दा वाचून मी फार वेळ गप्प बसले होते. त्यात असं होतं की उच्च जातीचा हिंदू खालच्या समजल्या गेलेल्या हिंदुस्थानातल्याच मूळ लोकांशी लग्नसंबंध करत नाही, जसा अमेरिकन माणूस निग्रोशी करत नाही, म्हणजे बघा, आम्ही तुमच्यासारखेच आहोत. सातासमुद्रापार अन्याय झाला तर न्याय मागायला कागद कोणता पुढं केला तर हा. आम्हाला वर घ्या, कारण आमच्याकडं पण आम्ही कुणाला तरी खाली ठेवलंय.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट पण अशीच सुरू होते पण तिचा शेवट वेगळा आहे म्हणून ती मला जास्त महत्त्वाची वाटते. गांधीजींना १८९३ मधे पीटरमॅरिट्सबर्गला रेल्वेच्या डब्यातून उतरवलं हे आपण शाळेत शिकतो, त्याच्या पुढचं शिकवत नाहीत. डर्बनच्या पोस्ट ऑफिसला तेव्हा दोन दरवाजे होते, एक गोऱ्यांचा आणि दुसरा तिथल्या काळ्या लोकांचा, आणि हिंदी म्हणजे भारतीय लोकांना त्या दुसऱ्या दरवाज्यातून जावं लागायचं. गांधीजी आणि त्यांच्या नाताळ इंडियन काँग्रेसनं (नाताळ म्हणजे डर्बन ज्यात येतं तो प्रांत) अर्ज केला, आणि मग काय झालं तर तिसरा दरवाजा झाला, खास हिंदी लोकांसाठी. एकाच दरवाज्यातून सगळ्यांना जाऊ द्या अशी मागणी त्या काळात झाल्याचं माझ्या वाचनात नाही. गांधीजी पुढं खूप बदलले, त्या आफ्रिकेतल्याच काळात बदलत गेले, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर याच्यानं कमी होत नाही, पण हा तिसरा दरवाजा मला विसरता येत नाही.

कारण पुढं त्या देशानं सगळ्या समाजाचेच दरवाजे करून टाकले. १९४८ मधे गोऱ्यांची नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि अपार्थाइड म्हणजे वंशावरून सगळं वेगळं ठेवायचं धोरण सुरू झालं, १९५० मधे कायदा करून प्रत्येक माणसाची वंशाप्रमाणं नोंद, गोरे, कलर्ड म्हणजे मिश्र वंशाचे, काळे, आणि पुढं इंडियन वेगळे. एखाद्याचं नक्की काय लिहायचं ते कळेना तर त्याच्या केसांत पेन्सिल खुपसायचे, पेन्सिल खाली पडली तर एक नोंद, अडकून राहिली तर दुसरी, आणि त्यामुळं एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या रकान्यात गेली, वेगळ्या वस्तीत, वेगळ्या शाळेत. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला, काळ्यांना कायम पास जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ माणसं गेली. आणि मग १९८० च्या दशकात सरकारनं मधल्यांना आमिष दाखवलं, नवीन राज्यघटना, संसदेची तीन सभागृहं, एक गोऱ्यांचं, एक कलर्ड लोकांचं, एक इंडियन लोकांचं, आणि काळ्यांना काहीच नाही. परत तोच तिसरा दरवाजा, या वेळी संसदेला. १९८४ ला निवडणूक झाली तर बहुसंख्य हिंदी मतदार मतदानाला गेलेच नाहीत. मंडेलांबरोबर १९६४ मधे जन्मठेप झालेल्यांत अहमद कथराडा होते, गुजराती मुसलमान घरातले, ते तेव्हाही तुरुंगातच होते. म्हणजे एका समाजानं नव्वद वर्षांच्या आत तिसरा दरवाजा मागायचा आणि तिसरा दरवाजा नाकारायचा, हे दोन्ही करून दाखवलं. कुठलाही समाज बदलू शकत नाही असं मला कुणी सांगितलं की मी त्याला हे सांगते.

आणि आपल्याकडं महाराष्ट्रात तर दुसऱ्या रस्त्याची परंपरा त्याच्याही आधीची आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मधे गुलामगिरी लिहिलं ते अर्पण कुणाला केलं, तर अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रोंना गुलामीतून सोडवायला झटून काम केलं त्यांना. पुण्यात बसून. तिकडं गुलामी कायद्यानं संपून दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. बाबासाहेबांनी १९४६ मधे अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतले निग्रो युनोकडं जो अर्ज देणार आहेत त्याची प्रत मला पाठवा, इथल्या अस्पृश्यांची स्थिती आणि तुमची स्थिती फार सारखी आहे, आणि ड्यू बॉइस यांचं सहानुभूतीचं उत्तर पण आलं. १९७२ मधे मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या पोरांनी संघटना काढली तर नाव घेतलं पँथर, तिकडच्या काळ्या लोकांच्या १९६६ च्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. थिंद यांच्या बाजूनं गोऱ्या माणसाकडं बघून आम्ही तुमचे म्हटलं गेलं, या लोकांनी काळ्या माणसाकडं बघून म्हटलं. माझं मन कुणीकडं आहे ते सांगायची गरज नाही.

आता आखाताचं. माझा एक चुलत भाऊ तिकडं बरीच वर्षं एसी मेंटेनन्समधे होता, आता परत येऊन परभणीजवळ स्वतःचं दुकान टाकलंय. दिवाळीला आला होता तेव्हा मी त्याला नीट बसवून विचारलं. तो म्हणाला, "आक्का, तिकडं रंगाचं लई काही नाही बग, पासपोर्टचं आहे. एसी एकच, पाना एकच, छतावर ऊन पण एकच, पण फिलिपिन्याला माझ्यापेक्षा जास्त, अन् बांगलादेशी नेपाळ्याला माझ्यापेक्षा कमी. गोरा असला तर त्याचं क्वार्टरच वेगळं." पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतलेला, इकामा म्हणजे राहायचा परवाना कफीलच्या म्हणजे कामाला बोलावणाऱ्या मालकाच्या हातात, त्यानं सोडल्याशिवाय दुसरीकडं काम धरता येत नव्हतं. मी म्हटलं मग तुम्ही सगळे मिळून बोलला का नाहीत. तर जरा वेळ विचार करून म्हणाला, "कसं बोलावं, आपलेच लोक म्हणायचे की आपल्याला या बांगलादेशींच्या बरोबरीनं कामून धरायलेत, कमीत कमी फिलिपिन्यांएवढं करा म्हणा. अन् फिलिपिनो आमच्यासंगं येईनात, त्यांना वाटायचं आपलं कमी होईल." छतावर पन्नास डिग्रीत काम करणारी माणसं, आणि भांडण एकमेकांत. २०१९ मधे युनोच्या वंशभेदविषयक तज्ज्ञ तेंडायी अच्युमे कतारला जाऊन आल्या, तेव्हा तिथं देशावरून माणसांच्या वरखाली जागा ठरतात हे सांगायला त्यांनी कास्ट सिस्टिम हाच शब्द वापरला. मला ते वाचून २००१ ची डर्बनची युनोची वर्णद्वेषविरोधी परिषद आठवली, तिथं आपल्याकडचे दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घ्या म्हणून भांडत होते आणि आपलं सरकार म्हणत होतं जात म्हणजे वंश नाही, आमचा अंतर्गत मामला आहे.

ब्राझीलचं थोडक्यात सांगते, तिथं गुलामी अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी म्हणजे १८८८ ला संपली, आणि आमच्याकडं सगळे मिसळलेत, आमच्यात वर्णभेद नाही असं ते लोक कित्येक वर्षं जगाला सांगत राहिले. १९७६ मधे सरकारी पाहणीत लोकांना तुमचा रंग तुमच्या शब्दांत सांगा म्हटलं तर शंभरावर वेगवेगळी नावं आली, सगळी एकाहून एक बारीक छटा. भेद नसता तर इतक्या छटा कशाला मोजल्या असत्या. शेवटी २०१२ मधे त्यांनी सरकारी विद्यापीठांत राखीव जागांचा कायदा केला आणि मग तिथं पण तेच सुरू झालं जे आपल्याकडं चालतं, मेरिटचं काय, पूर्वजांनी केलं त्यात आमचा काय दोष.

पण ज्यांना जपानमधे काही नाही असं वाटतं त्यांना मला बुराकू लोकांबद्दल जरूर सांगायचंय. चामड्याचं काम, जनावरं कापायचं काम, प्रेताशी संबंधित कामं, हे ज्यांच्याकडं पिढ्यानपिढ्या होतं त्यांना वेगळ्या वस्त्यांत ठेवलं. रंग तोच, भाषा तीच, धर्म तोच, आडनावं पण तशीच, समोर उभं केलं तर जपानी माणसालाही ओळखता येणार नाही. १८७१ मधे सरकारनं फर्मान काढून हा भेद रद्द केला. १९२२ मधे त्या लोकांनी स्वतःची संघटना पण काढली, सुइहेइशा, आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधी. तरी भेद गेला नाही, मग ओळखायचे कशावरून, तर गावावरून. १९७५ मधे उघडकीला आलं की बुराकू वस्त्यांच्या नावापत्त्यांची छापील यादी चोरून विकली जात होती आणि मोठमोठ्या कंपन्या ती विकत घेत होत्या, नोकरीला अर्ज आला की उमेदवाराचं मूळ गाव त्या यादीत शोधायचं. लग्न ठरायच्या आधी खासगी डिटेक्टिव्ह लावून घराण्याचा शोध घ्यायचे. २०१६ मधे म्हणजे अगदी परवा तिथं बुराकू भेदभाव संपवायचा म्हणून नवीन कायदा करावा लागला.

हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. आमच्या कॉलेजातली माझी एक सहकारी, बदली होऊन आली तेव्हा आम्ही दोघी मिळून तिच्यासाठी घर बघत फिरायचो. तिचं आडनाव जाधव. आता जाधव, पवार, गायकवाड ही आडनावं आपल्याकडं कितीतरी जातींत आहेत त्यामुळं नुसतं आडनाव ऐकून घरमालकांचं भागत नाही. एका घरी चहा झाला, खोल्या दाखवून झाल्या, पाण्याची वेळ, लाईटचं मीटर सगळं बोलून झालं, आणि मग मालकीणबाईंनी अगदी मायेनं सुरुवात केली. गाव कोणतं म्हणायचं. बरं बरं, तालुक्यालाच का अलीकडं. गावात घर कुठल्या अंगाला येतं. सोयरे कुठले तुमचे. आणि शेवटी, "मामाचं आडनाव काय हो तुमच्या?" माझ्या मैत्रिणीनं शांतपणे सांगितलं. बाईंचा आवाज चढला नाही की चेहरा बदलला नाही, त्या म्हणाल्या की यांना विचारून कळवते, आणि आम्ही चपला घालेपर्यंत दारात उभ्या राहून अंगणातल्या कढीपत्त्याचं रोप कसं लावलं ते सांगत होत्या. फोन काही आला नाही. जपानच्या कंपन्यांना यादी विकत घ्यावी लागली, आपल्याकडं ती माणसांच्या तोंडात आहे.

आणि १८७१ हे साल लक्षात ठेवा. ज्या वर्षी जपाननं निदान कागदावर तरी जन्माचा डाग पुसला, त्याच वर्षी इंग्रजांनी इथं क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट केला, म्हणजे अमुक जमातीत जन्मला तर तो गुन्हेगारच. पुढं त्यात भर पडत गेली, सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती ती आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला हे लोक विमुक्त झाले. पण अजून कुठल्या तालुक्याला चोरी झाली, शेतातली मोटर गेली, की पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो हे मराठवाड्यात कुणाला माहीत नाही सांगा. मे २०२० मधे मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसानं नऊ मिनिटांवर गुडघा दाबून धरला आणि त्यात तो गेला तेव्हा आपल्याकडं सगळे हळहळले आणि हळहळावंच, पण जन्मावरून संशय घेणं म्हणजे काय ते कळायला आपल्याला मिनियापोलिसपर्यंत जायची गरज नव्हती.

आता रंगाचं बोलते कारण लोक म्हणतात आपल्याकडं जातीचं आहे पण रंगाचं नाही. लग्नाचे बायोडाटा काढा, रंग गोरा, रंग निमगोरा, रंग गव्हाळ, काळा कुणीच लिहित नाही. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या नावातलं फेअर २०२० मधे काढलं, क्रीम चालूच आहे. दिल्लीत जानेवारी २०१४ मधे अरुणाचलच्या निडो तानिया या पोराच्या केसांवरून, दिसण्यावरून टिंगल झाली, मारहाण झाली आणि त्यात तो गेला. २०१७ मधे ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावानं मारलं. आणि हे दिल्लीकडचं आहे म्हणून आपण सुटत नाही.

आपलं शहर तर वसवलंच एका आफ्रिकी माणसानं. मलिक अंबर, इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान, बगदाद असं करत दख्खनला आला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार त्याच्या हातात आला, १६१० मधे त्यानं खडकी वसवली तेच पुढचं औरंगाबाद आणि आताचं संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं. शहाजीराजे १६२४ ला भातवडीत त्याच्या बाजूनं लढले. जहांगीर बादशहाला तो कधी हाती लागला नाही, तर त्यानं चित्र काढून घेतलं, मलिक अंबरचं काळं मुंडकं भाल्यावर टांगलंय आणि बादशहा त्यावर बाण मारतोय. म्हणजे काळ्या रंगाचा तिटकारा आपल्याला इंग्रजांनी शिकवला असं म्हणणाऱ्यांनी ते चित्र बघावं. पण त्याच वेळी हे पण खरं की ज्या काळात अमेरिकेत काळ्या गुलामाचं पोर गुलामच राहणार असे कायदे व्हायला लागणार होते, त्या काळात दख्खनमधे एक काळा गुलाम राज्य चालवत होता. खुलताबादला त्याची कबर आहे, मोठा घुमट आहे, गाड्या भरभरून लोक भद्रा मारुतीला येतात, औरंगजेबाची कबर बघतात, वेरूळला जातात, आणि तिकडं मात्र क्वचितच कुणी वळतं.

याच शहरात विद्यापीठात संशोधनाला आलेला एक सुदानी मुलगा, माझ्या ओळखीतल्या प्राध्यापकांकडं काम करायचा, त्याच्यासाठी मी खोली शोधायला गेले होते. त्याला इथली दख्खनी हिंदी झकास यायची, हौ, नक्को सगळं. बेगमपुऱ्यापलीकडच्या एका कॉलनीत गेटवर पाटी होती, रूम भाड्याने देणे आहे, खाली नंबर. त्यानं फोन लावला, मालक म्हणाले या की, आत्ताच या. आम्ही गेलो, मालक बाहेर आले, त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "मॅडम, सॉरी हं, काल संध्याकाळीच गेली रूम." पाटी आमच्या दोघांच्या मधे तारेनं बांधलेली तशीच. पुढच्या गल्लीत एका आजींनी त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि म्हणाल्या की पोरगं गुणाचं दिसायलंय माय, पण आमचे नातू भितील. तो परत येताना मला म्हणाला की तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मला सवय आहे, आमच्याकडं खार्तूममधे पण दक्षिणेकडून आलेल्या जास्त काळ्या लोकांना असंच करतात. स्वतः अपमान गिळलेला असताना त्यानं आपल्या देशाची बाजू सावरली नाही, खरं ते सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्याला फार मानते.

ज्या शहरात एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायला २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट बघावी लागली, गावोगाव दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, त्याच विद्यापीठात शिकायला आलेल्या पोराला खोली मिळत नाही याचा मला राग येतो, साधा सरळ राग.

कायद्यानं फरक पडतो का, तर पडतो, हळू पडतो पण पडतो. ब्रिटननं १९६८ मधे कायदा केला की घर आणि नोकरी देताना रंगावरून किंवा वंशावरून नाही म्हणता येणार नाही. अमेरिकेनं त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात घरांचा कायदा केला. जर्मनीत असा कायदा २००६ ला आला. सिएटल शहरानं २०२३ मधे जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, म्हणजे आपल्या लोकांनी विमानातून काय नेलं ते तिथल्या नगरपालिकेला पण कळलं. आपल्याकडं घटनेत भेदभावाला बंदी घालणारं १५ वं आणि अस्पृश्यता संपवणारं १७ वं कलम आहे, १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे, पण काल संध्याकाळीच गेली रूम असं गोड बोलून परत पाठवणाऱ्याला ते कसं लावणार, आणि खासगी घरमालकानं रंगावरून, धर्मावरून, तोंडवळ्यावरून घर नाकारलं तर सरसकट विचारता येईल असा कायदा आपल्याकडं नाही. तो झाला पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

तोपर्यंत जे हातात आहे ते करायचं. आमच्या सोसायटीच्या भाडेकरूच्या फॉर्मवर धर्म आणि जात असे दोन रकाने आहेत, कुणी कधी छापले कुणाला माहीत नाही. ते काढा म्हणून मी येत्या मीटिंगला विषय दिलाय. विषय दिल्यावर फोन यायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी फोन करून सांगितलं की मी सही करतो, माझं पोरगं जर्मनीत घर शोधतंय, ईमेलवर सगळं ठरतं आणि नाव सांगितलं की रूम गेली म्हणतात. पण दुसऱ्या एका घरातून असा फोन आला की मॅडम, रकाने काढले तर मग उद्या कुणालाही घर द्यायचं का. त्याचं उत्तर हो असं आहे, भाडं वेळेवर देणाऱ्या आणि शेजारधर्म पाळणाऱ्या कुणालाही, आणि ते मी मीटिंगमधे उभी राहून सगळ्यांसमोर देणार आहे.